वुनिथेवाची बाई

उलामिलानं फोन दोन्ही हातांनी धरला आणि सिडनी विमानतळाबाहेरच्या टॅक्सीच्या नंबरपाटीचा फोटो काढला. हात हलल्यामुळे पहिला पुसट आला, म्हणून तिनं दुसरा काढला. ड्रायव्हर डिकी उघडून उभा होता. मागे माणसं खोळंबली होती आणि रांग लावणारा पिवळ्या जाकिटातला गडी 'चला, चला' करत होता. पण आधी फोटो, मग सामान, असं भाचीनं, लिटियानानं, बजावलं होतं आणि उलामिला आज लिटियानाच्या शब्दाबाहेर जाणार नव्हती.

"माझाही काढायचा का?" ड्रायव्हरनं विचारलं. "डाव्या अंगानं मी जरा बरा दिसतो."

तो तिच्याच बेटांवरचा निघाला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, कानांवर केस पिकलेले. तिला नीट पाहून घेतल्यावर तो मोठ्यानं "बुला!" म्हणाला. बेटांवरचा रामराम. उलामिलाचा जीव भांड्यात पडला, पण तिथे फार वेळ टिकला नाही. लिटियानाचा शेवटचा आणि सगळ्यांत कडक नियम याच माणसासाठी होता. 'आपला माणूस दिसला की विरघळू नकोस, आत्या. या शहरात बुला म्हणणाराच जास्त महाग पडतो. स्वतःबद्दल काही सांगायचं नाही, गाव तर मुळीच नाही.' गेल्या वर्षी चर्चच्या एका पाहुणीला असल्याच एका गोडबोल्यानं दोन तास समुद्राकाठी फिरवून शेवटी भलत्याच उपनगरात उतरवलं होतं.

लिटियानाचे नियम खरे होते, हे तिला विमानतळाच्या आतच पटलं होतं. दार ओलांडत नाही तोच दोघं जण टॅक्सी, टॅक्सी करत तिच्या ट्रॉलीला हात घालायला आले. एकानं तर कोट घातला होता. त्यांना चुकवून ती रांगेत आली होती.

पेटी डिकीत गेली. टोपलीकडे ड्रायव्हरनं हात केला तेव्हा तिनं ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"ही माझ्यापाशी राहू दे."

"राहू दे की. पुढे बसा, मावशी. इथे सगळे पुढेच बसतात."

"मी मागे बसते," उलामिला म्हणाली. तोही नियमच होता.

टोपलीत, चटईच्या तुकड्यात गुंडाळलेला, ताबुआ होता. देवमाशाचा दात, घासून घासून मधासारखा पिवळा झालेला, दोन्ही टोकांना विणलेली दोरी. त्यांच्याकडे मोठ्या चुकीची माफी नुसत्या तोंडानं मागता येत नाही. ताबुआ घेऊन दारात जावं लागतं, आपल्या वतीनं बोलायला एक पुरुष लागतो, आणि ज्याची चूक असेल त्यानं तेवढा वेळ मान खाली घालून गप्प राहायचं असतं.

उलामिलाची चूक अकरा वर्षांपूर्वीची होती. आई गेली तेव्हा धाकट्या भावानं, ओसेआनं, सिडनीहून फोन केला होता. 'मी निघालोय. बुधवारपर्यंत माती देऊ नका.' 'बुधवारीच देऊ,' तिनं सांगितलं, आणि शनिवारीच माती दिली. ओसेआ आईसाठी येत नाहीये, नारळाची जमीन नावावर करून घ्यायला येतोय, असं एका चुलत भावानं तिच्या मनात भरवलं होतं. ओसेआ मंगळवारच्या बोटीनं उतरला तो ताज्या ढिगाऱ्यापुढेच. जमिनीचं त्यानं नावसुद्धा काढलं नाही. बोट उलटी फिरली तशी तो परत तिच्यात चढला, आणि त्यानंतर बहिणीशी एक शब्द बोलला नाही. घरातसुद्धा तो 'आपलं गाव' म्हणत नाही, 'तिचं गाव' म्हणतो, असं लिटियानानं एकदा सांगितलं होतं. लिटियाना त्याचीच मुलगी.

आता साखरेनं त्याचा पाय सडला होता. उद्या सकाळी तो गुडघ्यातून कापणार होते. काळीज अशक्त, त्यामुळे डॉक्टर पुढचं काही नक्की सांगत नव्हते. दवाखान्यात भरती व्हायला तो आज चार वाजता घरातून निघणार होता. त्याच्या आत उलामिलाला त्याच्या दारात पोचायचं होतं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत झालं असतं तर तो सकाळीच निघून गेला असता. म्हणून तिला आणायला कुणी आलं नव्हतं. लिटियाना कामावर होती, आणि बोलण्यासाठी तिनं चर्चमधल्या वेरेनिकी नावाच्या वडीलधाऱ्या माणसाला साडेतीनला बोलावून ठेवलं होतं.

गाडी विमानतळाच्या बाहेर पडली तेव्हा सव्वादोन झाले होते. मीटर चालू होतं. उलामिलानं ते दोनदा पाहिलं.

"कुठल्या गावच्या?" ड्रायव्हरनं विचारलं.

यात चोंबडेपणा काही नव्हता. त्यांच्याकडे पाणी विचारायच्याही आधी गाव विचारतात. त्यावरून समोरच्याला काय म्हणायचं, त्याच्यापुढे बसायचं कसं, हसायचं किती, हे सगळं ठरतं. उत्तर न देणं म्हणजे थोबाडीत मारणं. म्हणून उलामिलानं उत्तर दिलं. फक्त स्वतःच्या नाइकोरोचं नाव न घेता, खाडीपलीकडच्या गावाचं घेतलं.

"वुनिथेवा."

ड्रायव्हरनं ब्रेकच दाबला. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला.

"वुनिथेवा? खरंच वुनिथेवा?" तो मागे वळून पाहू लागला. "अगं चोरटे! आणि मघापासून मावशी मावशी म्हणवून घेत्येस! मी दाकुंबेकाचा. इसिकेली!"

दाकुंबेका आणि वुनिथेवा ताउवू होते, हे तिच्याकडची पोरंही सांगतील. दोन्ही गावांचे मूळ देव सख्खे भाऊ. म्हणून त्यांच्या माणसांना एकमेकांची थट्टा माफ, शिवी माफ, चोरीही माफ. ताउवूच्या घरात शिरून त्याची कोंबडी कापावी, त्याच्याच बायकोला शिजवायला सांगावी, आणि जेवून उठताना मीठ कमी होतं म्हणावं. रागावलं तर रागावणाऱ्याची अब्रू जाते. शेकडो गावांतून तिच्या तोंडाला नेमकं हेच एक गाव आलं होतं.

"तुझ्या आज्यानं आमची दोन डुकरं पळवली होती, ठाऊक आहे?" इसिकेली सुटलाच. "वर म्हणतो कसा, मी कुठे आणली, माझ्या मागे चालत आली! चेहऱ्यावरूनच ओळखायला हवं होतं मी. डुक्कर चालत मागे येईल असाच चेहरा आहे." आणि हसत हसत त्यानं मीटर बंद केलं.

"मीटर चालू करा," उलामिला म्हणाली.

"ताउवूकडून भाडं घेऊ? माझा बाप थडग्यातून उठून येईल."

"चालू करा म्हटलं ना."

त्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि मीटर पुन्हा चालू केलं. "वुनिथेवाचे नखरे," तो पुटपुटला, पण खुशीतच. पुढच्या लाल दिव्याशी त्यानं न बघता हात मागे टाकला आणि तिच्या टोपलीवर ठेवलेला पंखा उचलला. तिनं स्वतः विणलेला, काठाला लाल लोकर लावलेला, लिटियानासाठी आणलेला. "हा माझा," तो म्हणाला आणि पुढे काचेशी खोवून मोकळा झाला.

खरं तर उलामिलानं आता त्याची टोपी ओढायला हवी होती. दाकुंबेकाच्या बायका समुद्राला मीठ विकतात, असलं काही तोंडावर फेकायला हवं होतं. नाइकोरोचेही ताउवू होते, दुसऱ्या बेटावरचे, आणि त्यांच्याशी भांडताना तिची जीभ भल्याभल्यांना आवरत नसे. पण ते नातं खरं होतं. इथे तिला शब्द सुचेना. ती टोपली धरून बसून राहिली, आणि आपला पंखा एका अनोळखी माणसानं लांबवला एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

बोगद्याच्या अलीकडे रस्त्यावरच्या पाटीवर अक्षरं लुकलुकत होती. इसिकेलीनं गाडी डावीकडे घेतली.

"आत ट्रक अडकलाय. वरून कँटरबरी रोडनं जाऊ. लांब पडेल, पण हलत तरी राहू."

लिटियानानं हेही सांगितलं होतं. 'बोगदा बंद आहे म्हणतील. नसतो.' उलामिलानं फोन पुढे केला. नकाशात निळी रेघ बोगद्यातून सरळ जात होती.

"या रस्त्यानं."

"अगं, त्या रेघेला उशिरा कळतं. मी सकाळपासून..."

"या रस्त्यानंच न्या. नाहीतर मी उतरते."

त्यानं वळणाचा दिवा बदलला आणि गाडी उजवीकडे घेतली. "तुझी मर्जी, चोरटे."

बोगद्यात शिरल्यावर दोनच मिनिटांत पुढचे सगळे लाल दिवे पेटले आणि गाडी थांबली. पाच मिनिटांनी गाडीभर पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. वर पिवळे दिवे, दोन्ही बाजूंना काळपट भिंती, आणि पंख्यांची घरघर. दोन वाजून पन्नास मिनिटं झाली होती. मी तुला सांगितलं होतं, असं इसिकेली म्हणाला नाही. म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं.

वेळ घालवायला त्यानं खाण्याचा विषय काढला. इथला टॅरोचा कंद कसा बेचव, नारळ कसे जुने. "परवा मात्र मासळीबाजारात कनाथे आले होते," तो म्हणाला आणि आरशात पाहू लागला. "एवढाले. ताजे."

हा विषय उलामिलाला सोयीचा होता. माशांबद्दल बोलू नये असा काही नियम नव्हता. "आमच्याकडे पुष्कळ," ती म्हणाली. "नारळाच्या दुधात उकडायचे, वर लिंबू. मी तर डोकंही सोडत नाही."

इसिकेली आरशातून तिच्याकडे पाहत होता. मग त्यानं नजर काढून घेतली.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "डोक्यातच चव असते."

त्यानं रेडिओ बंद केला. मग हात पुढे करून मीटरही बंद केलं, आणि या वेळी हसला नाही.

'तुमचं' हा शब्द उलामिलाला लागला. आत्तापर्यंत तो अगंतुगं करत होता, शिव्या देत होता, तेव्हा ती घाबरली नव्हती तेवढी आता घाबरली. मीटर बंद केलं तर गाडीतून उतर, असं लिटियाना म्हणाली होती. पण बोगद्यात कुठे उतरणार? तिनं फोनवर पोलिसांचा नंबर काढून ठेवला आणि अंगठा त्याच्यावर धरला. सव्वातीनला लिटियानाचा निरोप आला. वेरेनिकीकाकांना कामावर जायचंय, पावणेचारपर्यंतच थांबतील, कुठे आहेस?

तिनं तो दोनदा वाचला. बोगदा खरोखरच बंद होता. या माणसानं खरं सांगितलं होतं आणि तिनं त्याला ओढून इथे आणलं होतं. ओसेआ घरातून निघेल, आणि ती या पिवळ्या उजेडात बसलेली असेल. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते पुसायला टोपलीवरचा हात काढावा लागेल म्हणून तिनं पुसलंही नाही.

"कुणाला द्यायचाय?" इसिकेलीनं विचारलं.

"काय?"

"ताबुआ. मी हात पुढे केला तेव्हा तुम्ही टोपली कशी धरलीत ते पाहिलं मी. तसं तान्हं मूल धरतात, नाहीतर ताबुआ."

मग उलामिलानं सगळं सांगितलं. आई, फोन, बुधवार, शनिवार, ताजी माती. सांगताना ती खिडकीकडे पाहत होती आणि खिडकीत भिंतीशिवाय काही नव्हतं. "मला वाटलं तो मला फसवायला येतोय," ती म्हणाली. "म्हणून आधी मीच फसवलं." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि मी वुनिथेवाची नाही."

"माहीत आहे."

तिनं मान वळवली. "कधीपासून?"

"कनाथेपासून." त्याला हसू आलं, पण त्यानं ते पुरतं येऊ दिलं नाही. "कनाथे म्हणजे वुनिथेवाचा देवाचा मासा. त्यांच्या बाईपुढे पुरुषानं त्याचं नाव काढलं की ती त्याला बडवून काढते. केस ओढते, दंड मागते, सगळ्या गावासमोर नाचायला लावते. मी मार खायला तयार होऊन बसलो होतो. आणि तुम्ही म्हणालात, डोकंही सोडत नाही."

उलामिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाडीपलीकडचं गाव, लहानपणापासून पाहिलेलं, आणि त्यांचा मासा कोणता हे तिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" त्यानं काचेशी खोवलेल्या पंख्याला बोट लावलं. "बावीस वर्षं झाली इथे येऊन. इथे आपली माणसं खूप भेटतात, मावशी. चर्चमध्ये भेटतात, लग्नात भेटतात, हात मिळवतात, देव भलं करो म्हणतात. शिवी द्यायला एक कुणी भेटत नाही. तासभर तरी भेटली होती. म्हटलं खोटी तर खोटी, राहू दे."

"तुम्ही फसवाल असं वाटलं मला. भाचीनं बजावलं होतं."

"फसवतात की. माझ्याच रांगेत दोघं आहेत. तुमच्या भाचीनं शिकवलं ते काही खोटं नाही."

पुढचे दिवे हलले. ट्रक कडेला ओढला गेला असावा. बोगद्याबाहेर ऊन लख्ख होतं, आणि इसिकेलीनं मग इकडेतिकडे पाहिलं नाही. गाड्यांच्या मधून वाट काढत तो मिंटोच्या, ओसेआच्या उपनगराच्या, दिशेनं सुटला. पावणेचार वाजून गेले. वेरेनिकी निघून गेल्याचा निरोप आला.

"मीच बोलेन," उलामिला म्हणाली.

"स्वतःची चूक, स्वतःच दात धरून, स्वतःच बोलणार? तुमचा भाऊ आधी तेच बघेल. म्हणेल, हिच्या मागे उभं राहायला एक माणूसही मिळाला नाही."

ते खरंच होतं.

"मी बोलतो," इसिकेली म्हणाला. "वडील बोलायचे आमचे. मी बावीस वर्षांत तोंड उघडलेलं नाही, काय जमेल ते जमेल. पण दारात गाव खरं सांगावं लागेल. तिथे मी खोटं बोलणार नाही."

"नाइकोरो," उलामिला म्हणाली. आज दिवसभरात तिनं पहिल्यांदाच ते नाव उच्चारलं होतं.

"नाइकोरो," त्यानं पाठ केल्यासारखं म्हटलं. "आमचा तुमचा काही संबंध नाही."

"नाही."

मिंटोतली ती गल्ली पुढे बंद होती. शेवटच्या विटांच्या घरासमोर एक गाडी चालू स्थितीत उभी होती. लिटियानाचा नवरा पिटा मागच्या डिकीत बॅग ठेवत होता. पुढच्या सीटवर ओसेआ बसला होता. उलामिलानं त्याला ओळखलं ते फक्त कपाळावरून. बाकी सगळा माणूस आटून गेला होता. त्यानंही तिला पाहिलं. टॅक्सीतून उतरणाऱ्या बहिणीकडे त्यानं तीन-चार श्वास पाहिलं असेल, मग हात लांब करून आपल्या बाजूचं दार ओढून घेतलं आणि समोर बघत राहिला.

ती गाडीशीच थांबली.

इसिकेलीनं घाई केली नाही. त्यानं डिकीतून जुना सुलू काढला आणि पँटवरूनच लुंगीसारखा कमरेला गुंडाळला. चपला काढल्या, टोपी काढून सीटवर टाकली. उलामिलानं चटईचा तुकडा सोडला. त्यानं ताबुआ दोन्ही हातांत घेतला, वाकून चालत ओसेआच्या दारापाशी गेला आणि तापलेल्या सिमेंटवर गुडघे टेकून बसला. उलामिला त्याच्या मागे बसली. तिनं मान खाली घातली.

त्यानं घसा साफ केला. पहिलं वाक्य अडखळलं, दुसरंही. मग आवाज खाली उतरला आणि सापडला.

"मी इसिकेली, दाकुंबेकाचा. या घराचा मी कुणी नाही. नाइकोरोची उलामिला बोलू शकत नाही म्हणून तिचं ओझं मी उचललंय. अकरा वर्षांपूर्वी बुधवार सांगून शनिवारी माती दिली गेली. मुलाला आईचं तोंड दिसलं नाही. त्याला कारण नाही, आणि आम्ही ते द्यायला आलो नाही. हा दात लहान आहे, चूक मोठी आहे. दाताकडे बघू नका, वाकलेल्या मानेकडे बघा. एवढंच घेऊन आलोय."

त्याच्या बाजूची काच बंद होती. आत ऐकू जात होतं की नाही, कळत नव्हतं. इंजिन चालू होतं. पिटा हातात बॅगेचा पट्टा धरून तसाच उभा राहिला. मग तो पुढे गेला, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. गल्लीत एकदम शांत झालं. इसिकेलीचे हात लांब केलेले होते तसेच राहिले.

उलामिलाला फक्त सिमेंट दिसत होतं, आणि इसिकेलीच्या भेगाळलेल्या टाचा. ओसेआचं दार उघडल्याचा आवाज तिनं ऐकला. ओसेआला खाली उतरता येत नव्हतं. त्याच्या हातांची सावली पुढे आली, दोन्ही हातांची, आणि ताबुआची दोरी सिमेंटवरून वर उचलली गेली.

"घेतला," ओसेआ म्हणाला. आवाज इतका बारीक होता की तिला आईचाच वाटला.

इसिकेलीनं पोकळ हातांनी सावकाश तीन टाळ्या वाजवल्या, रिवाजाप्रमाणे, आणि मागे सरकला.

ओसेआनं ताबुआ मांडीवर ठेवला, दोरी बोटाला गुंडाळली आणि जावयाला म्हणाला, "उशीर होतोय. तिला मागे बसव." पिटानं तिची पेटी टॅक्सीतून काढून आपल्या गाडीत ठेवली. टोपली रिकामी होती, तरी उलामिलानं ती मांडीवर घेतली. एवढ्यात इसिकेलीची टॅक्सी निघून गेलीसुद्धा. त्याला भाडं द्यायचं राहिलं, हे तिच्या लक्षात पिटानं गाडी सुरू केल्यावर आलं.

गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी कडेला उभी होती. इसिकेली खिडकीत कोपर टेकून बसला होता. टोपी पुन्हा डोक्यावर होती, आणि तो आरामात, राजासारखा, लाल लोकरीच्या काठाच्या पंख्यानं वारा घेत होता. तिची गाडी जवळ आली तेव्हा त्यानं पंखा वर करून दाखवला. परत द्यायला नाही, नुसता दाखवायला.

उलामिलानं काच खाली केली आणि अर्धं अंग बाहेर काढलं.

"चोरा!" ती ओरडली. "दाकुंबेकाचा चोर तो चोरच! तुझ्या बापानं डुकरं हरवली, तू आता बायकांचे पंखे पळव! थोबाड बघ आरशात, कनाथेचं डोकं बरं त्याच्यापेक्षा!"

मागे इसिकेली स्टिअरिंगवर हात आपटत हसत होता. गाडी वळली आणि तो दिसेनासा झाला. उलामिला धापा टाकत सीटवर टेकली. पिटा आरशातून तिच्याकडे घाबरून पाहत होता.

ओसेआनं मान वळवली नाही. त्याची बोटं ताबुआच्या दोरीवर फिरत होती. हमरस्ता लागल्यावर तो म्हणाला,

"दाकुंबेका आपलं ताउवू कधीपासून झालं?"

"आज दुपारपासून," उलामिला म्हणाली.